देवाक काळजी, पण हप्ता कोण भरणार?

हडफड्याच्या नाइटक्लबला लागलेल्या आगीनंतर गोव्यात जी चर्चा चाललीय ती ऐकून खरंच डोकं फिरतं. ६ डिसेंबर २०२५ ची रात्र, २५ माणसं गेली, आणि तेव्हापासून म्हापशाच्या बाजारात जा नाहीतर पणजीत चहाला बसा, दोनच बाजू कानावर येतात. एक म्हणते सगळ्या क्लबवाल्यांना, शॅकवाल्यांना (किनाऱ्यावर झोपडीवजा हॉटेलं चालवणाऱ्यांना) इन्शुरन्स सक्तीचा करा, विषय संपला. दुसरी म्हणते इन्शुरन्स म्हणजे माणसं मारायचं लायसन, पैसे भरले की मालक मोकळा, त्यापेक्षा सरळ आत टाका त्यांना. मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोघांनीही पॉलिसी नावाचा कागद उघडून वाचलेला नाही हे पाच मिनिटांत कळतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लायबिलिटी इन्शुरन्स, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा विमा, सक्तीचा व्हायलाच पाहिजे, आणि त्यातून मिळणारी भरपाई महत्त्वाची आहेच, पण माझ्या दृष्टीनं त्याहून मोठं कारण वेगळं आहे. अपघात व्हायच्या आधी त्या जागेत असा एक तरी माणूस येऊन उभा राहिला पाहिजे ज्याचे स्वतःचे पैसे बुडणार आहेत. आज असा माणूसच नाहीये. पंचायत, टीसीपी (नगर नियोजन खातं), अबकारी, फायर, सगळ्यांचे शिक्के असतात, पण शिक्का चुकीचा पडला तर मारणाऱ्याच्या खिशातून काय जातं?

आधी घरचीच गोष्ट सांगतो, कारण इन्शुरन्सबद्दल आपल्याला किती कमी कळतं ते मला तिथंच कळलं. माझ्या मावशीचं मांद्र्याला जुनं घर आहे, दोन खोल्या ती पाहुण्यांना देते. एका जुलैमध्ये पुण्याचा एक पाहुणा मागच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवरून घसरला, शेवाळ धरलेलं, कठडा नाही, घोट्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी वकिलाची नोटीस. मावशी निर्धास्त होती, म्हणाली अरे माझा इन्शुरन्स आहे की, बँकेनं लोन देताना काढायलाच लावला होता. मी कागद बघितला तर ती फायर पॉलिसी. घर जळलं, वादळात पडलं तर पैसे, आणि तेसुद्धा आधी बँकेला. घरात आलेल्या माणसाचा पाय मोडला तर काय, याबद्दल त्यात एक ओळ नाही. बँकेला काळजी होती ती बँकेच्या पैशांची, यात बँकेची चूक पण नाही म्हणा. वर २०१९ च्या ग्राहक कायद्यानं तक्रारदार स्वतः राहतो तिथल्या आयोगात केस घालू शकतो, म्हणजे मांद्र्याच्या बाईवर पुण्यात केस. शेवटी बाहेरच्या बाहेर मिटवलं. मावशीच्या पाटल्या गेल्या त्यात.

आता हे जे तिच्याकडे नव्हतं त्याला जनरल लायबिलिटी म्हणा नाहीतर पब्लिक लायबिलिटी, मूळ कल्पना साधी आहे. तुमच्या धंद्यामुळे बाहेरच्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या मालाचं नुकसान झालं आणि कायद्यानं तुम्ही भरपाई देणं लागता, तर ती कंपनी देते, आणि कंपनीला विचारून वकील लावला तर त्याचा खर्चही. लिमिट दोन असतात, एका अपघाताला जास्तीत जास्त किती आणि अख्ख्या वर्षात किती. हॉटेलवाल्यांना स्विमिंग पूल, जेवणातून विषबाधा असल्या गोष्टी बहुतेक वेळा वेगळ्या जोडून घ्याव्या लागतात, न जोडता पॉलिसी काढली की कागद हातात असतो आणि नेमका पूलच बाहेर राहतो. आणखी एक मेख म्हणजे आपल्याकडच्या या पॉलिस्या सहसा क्लेम कधी आला त्यावर चालतात. अपघात जुलैत झाला आणि नोटीस पुढच्या वर्षी आली, मधे तुम्ही रिन्यू करायला विसरलात, की संपलं. हे सगळं कंटाळवाणं आहे मला माहिताय, पण याच कंटाळवाण्या ओळींवर घर राहतं की जातं ते ठरतं.

आणि आता इन्शुरन्स सक्तीचा करा म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न. पब्लिक लायबिलिटीत स्वतःचे कामगार येत नाहीत हे माहिताय का? हडफड्याला मेलेल्यांत बहुतेक जण तिथं राबणारे कामगार होते, किचनमधले, वाढपी, बाहेरच्या राज्यांतून पोट भरायला आलेली पोरं. समजा उद्या प्रत्येक क्लबला भारीतली भारी पब्लिक लायबिलिटी सक्तीची केली, तरी अशा आगीत जास्तीत जास्त प्रेतं ज्या घरांत जातात त्या घरांना त्यातून एक रुपया मिळणार नाही. त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी लागते, जिला आपल्याकडे अजून वर्कमेन कॉम्पेन्सेशनच म्हणतात, १९२३ च्या कायद्यावरून आलेली. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये २० फेब्रुवारी २००३ ला एका नाइटक्लबात अशीच आतमध्ये आतषबाजी केली, भिंतीवरच्या फोमनं पेट घेतला, १०० माणसं मेली, आणि चौकशीत निघालं की क्लबवाल्यांनी कामगारांचा इन्शुरन्स काढलेलाच नव्हता, त्यासाठी त्यांना दहा लाख डॉलरहून जास्त दंड बसला. तिथंसुद्धा कामगारच विसरले गेले होते. मग आपल्या चर्चेत एक तरी माणूस कामगारांच्या पॉलिसीबद्दल बोलताना तुम्ही ऐकलाय? सगळं पर्यटक, पर्यटक.

आता दुसऱ्या बाजूकडे येतो, आणि त्यांचं म्हणणं मी हलकं करून सांगणार नाही, कारण त्यात दम आहे. इन्शुरन्स असला की माणूस बेफिकीर होतो हे खोटं नाही. याचं सगळ्यात वाईट उदाहरण न्यूयॉर्कचं. २५ मार्च १९११, ट्रँगल नावाची ब्लाउज शिवायची फॅक्टरी, चोरी होऊ नये म्हणून दाराला कुलूप, आग लागली, १४६ जण मेले, त्यात बहुतेक तरण्या पोरी. खटल्यात मालक सुटले. इन्शुरन्स कंपनीनं त्यांना दाखवलेल्या नुकसानीपेक्षा साधारण ६० हजार डॉलर जास्त दिले, आणि १९१४ मध्ये मेलेल्यांच्या घरच्यांना माणशी ७५ डॉलर देऊन विषय मिटला. हिशोब केला तर एका प्रेतामागे मालकांना चारशे डॉलर आले आणि त्यांनी पंच्याहत्तर दिले. हे वाचल्यावर इन्शुरन्स या शब्दाचीच शिसारी येते, मला पण आली होती.

पण नीट बघा की ते पैसे कशाचे होते. मालकाच्या मालाचे, मशीनचे, कापडाचे. म्हणजे मावशीच्या बँकेनं काढायला लावलेली होती तसलीच, वस्तूंची पॉलिसी. मेलेल्या पोरींसाठी जबाबदारीची रक्कम कुणी ठरवलीच नव्हती म्हणून ती ७५ डॉलरवर आली. त्या पोरींच्या जिवाची मोठी जबाबदारी कुठल्या कंपनीच्या गळ्यात असती तर त्या कंपनीचा माणूस कुलूप बघून गप्प बसला असता का? आपली भांडणं इथंच चुकतात, वस्तूंचा इन्शुरन्स आणि जबाबदारीचा इन्शुरन्स एकाच पोत्यात घालतो आणि मग पोत्याला लाथा मारतो. पहिला मालकाच्या नुकसानीसाठी असतो, दुसऱ्यातला पैसा ज्याला लागलं त्याच्याकडे जातो.

आणि इन्शुरन्स कंपनी तपासणी करून अपघात कमी करते हे काय माझ्या डोक्यातलं स्वप्न नाही. एकोणिसाव्या शतकात वाफेचे बॉयलर फुटायचे, फॅक्टरीत, बोटीत, सतत, आणि लोक म्हणायचे देवाची इच्छा. आपल्याकडच्या देवाक काळजीसारखंच. एप्रिल १८६५ मध्ये मिसिसिपी नदीत सुलताना नावाची बोट बॉयलर फुटून जळाली, हजाराहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी हार्टफर्ड गावात एक कंपनी निघाली, बॉयलर तपासणारी आणि त्याचाच इन्शुरन्स देणारी. तिचे लोक जाऊन बॉयलर ठोकून बघायचे, गंज बघायचे, व्हॉल्व बघायचे, आणि हप्त्याचा मोठा भाग या तपासणीवरच खर्च व्हायचा, कारण एक बॉयलर फुटण्यापेक्षा शंभर बॉयलर तपासणं कंपनीला स्वस्त पडायचं. यात कुणाला दया आली नव्हती, सरळ हिशोब होता. रिस्क मॅनेजमेंट हा शब्द कॉन्फरन्समध्ये सूट घालून बोलतात तेव्हा फार मोठा वाटतो, पण मुळात ते हेच आहे. कुठं फुटेल ते आधी बघा, तिथं दुरुस्त करा, आणि जे दुरुस्त होऊच शकत नाही तेवढ्यापुरता पैसा बाजूला ठेवा.

गोव्यात हप्ता म्हटलं की लोकांना आधी दुसराच हप्ता आठवतो, हसू नका. तो हप्ता कशासाठी देतात? प्रश्न विचारू नये म्हणून. इन्शुरन्सचा हप्ता घेणारा उलट प्रश्न विचारतो, किती माणसं मावतात, बाहेर पडायला दारं किती, छत कशाचं, सिलिंडर कुठं ठेवता, आत फटाके उडवता का, बंब आत येईल एवढा रस्ता आहे का. हडफड्याला रस्ता अरुंद म्हणून बंब लांबच अडकले होते. हा प्रश्न आधी कुणी विचारला असता? ज्याला बंब न पोचल्याचा फटका बसणार होता तोच.

इथं माझ्याच बाजूचा कच्चा दुवा मला दिसतो, तो लपवत नाही. आपल्याकडे कंपनीचा माणूस खरंच येतो का? एजंट म्हणतो तुम्ही फक्त इथं सही करा, बाकी मी भरतो, आणि ऑफिसात बसून छत काँक्रीटचं लिहून टाकतो. २००७ साली फायर इन्शुरन्सचे दर खुले झाले, म्हणजे कंपन्यांना स्वतः ठरवायला मिळाले, तेव्हा धंदा ओढायला कंपन्यांनी दर असे पाडले की तपासणीचा खर्च निघणं मुश्किल. हे सगळं खरं आहे. पण त्याचं कारण काय? पाच-दहा लाखांचं लिमिट आणि त्यावर किरकोळ प्रीमियम, त्यासाठी कोण पणजीहून मांद्र्याला गाडी काढणार? तेच लिमिट गर्दीला बांधा, तीनशे माणसं उभी राहतात तर तीनशेंच्या हिशोबानं लिमिट, मग बघा कंपनी इंजिनिअर पाठवते की नाही. नुसता कागद सक्तीचा केला तर स्वस्तातला कागद मिळेल, त्या पीयूसीसारखा जो पंपावर दोन मिनिटांत निघतो.

दुसरा आक्षेप याहून अवघड. म्हणतात बेकायदा बांधलेल्या क्लबचा क्लेम कुठली कंपनी देणार? बरोबर आहे. पॉलिसीत कलमच असतं की जाणूनबुजून कायदा मोडला असेल तर पैसे नाहीत. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त धोका तिथंच पॉलिसी फुसकी. जानेवारी २०२५ मध्ये पेडण्यातल्या केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक पर्यटक आणि तिच्याबरोबरचा ऑपरेटर दोघं गेले, तो धंदा परवानगीशिवायच चालला होता असं पुढं आलं. तिथं पॉलिसी असती तरी कंपनीनं हात वर केले असते. मग काय करायचं, सोडून द्यायचं? याचं उत्तर आपल्याच रस्त्यावर आहे. मोटार वाहन कायद्यात थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे, आणि ड्रायव्हरकडे लायसन नव्हतं, मालकानं अटी मोडल्या, अशा केसेसमध्ये कोर्टांनी कंपनीला सांगितलंय की आधी ज्याला लागलं त्याला दे, मग मालकाकडून वसूल कर. सुप्रीम कोर्टाचा २००४ चा स्वरणसिंग केसचा निकाल यासाठी प्रसिद्ध आहे. गाडीखाली आलेल्या माणसानं थोडीच ड्रायव्हरचं लायसन तपासलं होतं! मग क्लबमध्ये नाचायला गेलेल्या पोरीनं किंवा भांडी घासणाऱ्या पोरानं तरी बांधकाम परवाना तपासायचा का? तोच नियम इथं आणा. कंपनी आधी देणार आणि मालकामागे तीच लागणार, आणि कंपनीचे वकील जेवढ्या चिकाटीनं मागे लागतात तेवढं मेलेल्या कामगाराची झारखंडातली विधवा आई लागू शकत नाही.

विचित्रपणा बघा ना. भाड्याच्या स्कूटरला इन्शुरन्स नसेल तर कळंगुटच्या नाक्यावर पोलीस थांबवतो. शेकडो माणसं रात्री एका छताखाली कोंबणाऱ्या जागेला तसा देशभराचा कायदा नाही. कायदे आपण केले, पण प्रेतं मोजून केले. भोपाळ १९८४ मध्ये झालं, युनियन कार्बाइडशी ४७ कोटी डॉलरची तडजोड १९८९ मध्ये, आणि पब्लिक लायबिलिटीचा कायदा १९९१ मध्ये, तोसुद्धा धोकादायक रसायनं हाताळणाऱ्यांपुरता, आणि त्यात माणूस मेला तर २५ हजार हा आकडा लिहून ठेवला, जो नंतर कितीतरी वर्षं तसाच होता. थिएटर, क्लब, जत्रेतले पाळणे, वॉटरस्पोर्ट्स, यांना रसायन लागत नाही माणूस मारायला. तुटलेला कठडा पण पुरतो.

तुरुंगाचं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, तुरुंगात टाका, मी कुठं नको म्हणतोय, पण त्यानं त्या घरची चूल पेटते का? दिल्लीच्या उपहार थिएटरची आग १३ जून १९९७ ची, ५९ माणसं. हायकोर्टानं २००३ मध्ये भरपाई ठरवली, मोठ्यांसाठी १८ लाख आणि लहानांसाठी १५, आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती १० आणि साडेसात लाखांवर आणली. चौदा वर्षं. ज्यांची पोरं गेली ते आईबाप कोर्टाच्या पायऱ्या चढून म्हातारे झाले. त्या ऱ्होड आयलंडच्या केसमध्ये तुरुंगही झाला आणि वेगवेगळ्या कंपन्या आणि इतर प्रतिवादींकडून मिळून १७.६ कोटी डॉलरही निघाले, दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात. दंड आणि शिक्षा इन्शुरन्समध्ये येतच नाहीत, ती मालकानंच भोगायची, त्यामुळे पैसे भरून मोकळे हा आरोप कागदावरच टिकत नाही. उलट आज काय होतं? आग लागते, नेते येतात, मदत जाहीर होते, पंतप्रधान मदतनिधीतून मृतांच्या वारसांना २ लाख, राज्याचे वेगळे. हा पैसा कुणाचा? तुमचा आणि माझा. नफा मालकाचा आणि अपघात जनतेचा, हा इन्शुरन्सच आहे की, फक्त त्याचा हप्ता आपण भरतोय आणि प्रश्न कुणीच विचारत नाहीये.

राहिला छोट्या धंद्यांचा प्रश्न, आणि इथं मी थोडा नरम आहे. शॅकवाल्याचा सीझन सहा-सात महिन्यांचा, लायसन फी आहे, दरवर्षी उभारायचं आणि मोडायचं, त्यात हे नवीन. त्याला क्लबच्या भावानं पॉलिसी लावली तर अन्याय होईल. पण जोखीम वाटून घ्यायची ही कल्पना काय लंडनहून आलेली नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जोखमी हुंडी चालायची, माल बोटीत भरला की त्यावर पैसे उचलायचे, बोट सुखरूप बंदराला लागली तरच हुंडी फेडायची, बुडाली तर पैसे देणाऱ्याचे गेले. हुंडी आणि विमा एकाच कागदात. आणि असा सावकार बोट न बघता पैसे देत असेल असं वाटतं तुम्हाला? शॅकवाल्यांची संघटना आहे, वॉटरस्पोर्ट्सवाल्यांची आहे, त्यांनी एकत्र गट पॉलिसी मागितली तर दर खाली येतात. २०२४ च्या ख्रिसमसला कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एक जण दगावला, त्या दिवसानंतर किनाऱ्यावरच्या सगळ्याच बोटवाल्यांकडे लोक संशयानं बघायला लागले, नीट चालवणाऱ्यांकडे पण. नीट चालवणाऱ्याचा हप्ता कमी आणि दारू पिऊन बोट काढणाऱ्याचा जास्त, असा फरक आज कोण करतंय?

मावशीला मी मागच्या महिन्यात लायबिलिटीचा फॉर्म आणून दिला. ती चष्मा लावून एकेक ओळ वाचत होती आणि मधेच थांबली, पायऱ्यांना कठडा आहे का. म्हणाली, खोटं कसं लिहू रे, आणि खरं लिहिलं तर पैसे जास्त लावतील. मी म्हटलं लावतील. फॉर्म अजून तसाच कपाटावर पडलाय, पण तिनं गवंड्याला फोन केलाय, मिरगाच्या आधी येतो म्हणालाय.